सत्तेचाळीस टक्के म्हणजे किती?

२१ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं एक पत्रक आलं. कोरोनाचे रुग्ण पुन्हा वाढू लागलेल्या राज्यांना त्यात सावध केलं होतं. महाराष्ट्राबद्दल चार ओळी होत्या. गेल्या चार आठवड्यांत आठवड्याला सापडणारे रुग्ण १८,२०० वरून २१,३०० वर गेले. तपासलेल्यांत बाधित निघण्याचं प्रमाण ४.७ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेलं. मुंबई उपनगरातली आठवड्याची वाढ १९ टक्के असून ती गंभीर आहे, असं आवर्जून म्हटलं होतं. मग जाता जाता बाकीचे जिल्हे येतात: नागपूर ३३ टक्के, अमरावती ४७, नाशिक २३, अकोला ५५, यवतमाळ ४८.

या क्रमाकडे मी अनेकदा पाहिलं आहे. मुंबई आधी येणं समजण्यासारखं आहे, पण त्या ओळींतली खरी बातमी शेवटी आलेल्या वऱ्हाडाच्या, म्हणजे अमरावती, अकोला आणि यवतमाळच्या आकड्यांत होती.

आठवड्याला ४७ टक्के वाढ म्हणजे काय? वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकाला चक्रवाढ व्याज शिकवावं लागत नाही. सावकाराच्या वहीत त्याच्या दोन-तीन पिढ्या गेल्या आहेत. साथीचं गणित तेच आहे, फक्त व्याज वर्षाऐवजी आठवड्याला चढतं. ४७ टक्क्यांनी चढणारी रक्कम साधारण साडेबारा दिवसांत दुप्पट होते, ५५ टक्क्यांनी चढणारी अकरा दिवसांत. मुंबई उपनगराच्या १९ टक्क्यांना त्याच दुपटीसाठी अठ्ठावीस दिवस लागतात. महिनाभर हाच वेग टिकला तर मुंबई उपनगरातले १०० रुग्ण २०० होतील, अमरावतीतले १०० जवळपास ४७० आणि अकोल्यातले १०० पावणेसहाशे. पत्रकात शेजारीशेजारी बसलेल्या आकड्यांत एवढं अंतर होतं.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करता येतो. एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत संसर्ग पोचायला साधारण पाच दिवस लागतात असं धरलं, तर अमरावतीत त्या दिवसांत १० जणांकडून सुमारे १३ जणांना लागण होत होती आणि मुंबई उपनगरात १० जणांकडून ११ जणांना. दहाला अकरा की दहाला तेरा, हा फरक कोणत्याही गल्लीत उभं राहून दिसणार नाही. दवाखान्याच्या दारातही दिसणार नाही. तो फक्त रोज लिहून ठेवलेल्या आकड्यांत दिसतो, आणि तोही आकडे योग्य रीतीने मांडले तरच.

मांडणीचा पहिला अडथळा बेरजेचा. महाराष्ट्रात पहिल्या लाटेत एका दिवसाला सर्वाधिक २४,८८६ रुग्ण सापडले, ते ११ सप्टेंबर २०२० रोजी. जानेवारीअखेर हा आकडा रोज अडीच हजारांच्या आसपास आला. देशाचा फेब्रुवारीच्या सुरुवातीचा आकडा ९ हजारांपर्यंत खाली गेला. लस आली होती, १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचाऱ्यांना ती मिळूही लागली होती. मुंबईची लोकल १ फेब्रुवारीला ठरावीक वेळांत सर्वांसाठी खुली झाली. राज्याचा आलेख सपाट दिसत होता, कारण बहुतेक जिल्हे उतरत होते आणि तीन-चार जिल्हे चढत होते. उतरणारे मोठे, चढणारे लहान, त्यामुळे बेरीज जागच्या जागी. लाट उलटते तेव्हा राज्याच्या बेरजेत ती सगळ्यात उशिरा उमटते.

त्यातही वऱ्हाडाचा पसारा शोधायचा कुठे, हा प्रश्न होता. महसूल खात्याच्या लेखी वऱ्हाडातले पाच जिल्हे म्हणजे अमरावती विभाग. आरोग्य खात्याच्या रोजच्या पत्रकात मात्र तेच जिल्हे अकोला मंडळ म्हणून येत. आयुक्त अमरावतीत आणि आकडे अकोल्याच्या नावाखाली. मंडळाच्या आत अकोला जिल्हा, अकोला महापालिका, अमरावती जिल्हा, अमरावती महापालिका, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम अशा वेगळ्या ओळी असत, आणि ज्यांनी चिकाटीने त्या ओळी दररोज उतरवून घेतल्या त्यांना फेब्रुवारीच्या पहिल्याच पंधरवड्यात चढ दिसला. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात अमरावती जिल्ह्यात दिवसाला सहाशे-सातशे रुग्ण निघत होते. मुंबईत त्या दिवसांत आठशे-नऊशे. वर्तमानपत्रात दोन्ही आकडे शेजारी छापले तर मुंबईच मोठी वाटते. पण २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८८ हजार, आणि मुंबईच्या दोन जिल्ह्यांची मिळून सव्वा कोटीच्या आसपास. लाखामागे मोजलं तर मुंबईत दिवसाला सात आणि अमरावतीत बावीस-तेवीस. तिपटीहून जास्त.

(भागाकार २०११ च्या लोकसंख्येने करावा लागतो, याची सवय आता झाली आहे. २०२१ ची जनगणना या साथीमुळेच लांबली. साथ मोजायला लागणारा छेद साथीनेच पळवला, असंही म्हणता येईल.)

आता त्या पत्रकातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी जोडी. आठवड्याचे रुग्ण १८,२०० वरून २१,३०० म्हणजे १७ टक्के वाढ. बाधितांचं प्रमाण ४.७ वरून ८ म्हणजे ७० टक्के वाढ. दोन्ही आकडे एकाच राज्याचे, एकाच काळातले. मग एक १७ आणि दुसरा ७० कसा? कागद-पेन्सिल घेऊन उलटा भागाकार करा. १८,२०० हे ४.७ टक्के असतील तर तपासण्या सुमारे ३ लाख ८७ हजार. २१,३०० हे ८ टक्के असतील तर तपासण्या २ लाख ६६ हजार. म्हणजे रुग्ण वाढत होते त्याच चार आठवड्यांत तपासण्या तीसएक टक्क्यांनी घटल्या होत्या. हिशेब ढोबळ आहे, दोन्ही प्रमाणं अगदी त्याच नमुन्यांवरून काढली असतील असं नाही. पण दिशा चुकण्यासारखी नाही. साथ ओसरली म्हणून स्वॅब घेणारी केंद्रं ओस पडली होती, लोक जात नव्हते, आणि कमी माणसं तपासूनही जास्त रुग्ण सापडत होते.

तपासण्या पूर्वीइतक्याच राहिल्या असत्या तर आठवड्याचा आकडा ३१ हजारांपर्यंत गेला असता, असं लगेच म्हणावंसं वाटतं. तसंही म्हणता येत नाही. तपासण्या कमी होतात तेव्हा आधी गळतात ते प्रवासासाठी, कामावर रुजू होण्यासाठी किंवा नुसत्या खात्रीसाठी येणारे धडधाकट लोक. उरतात ते ताप-खोकलावाले. त्यांच्यात बाधित जास्त निघणारच. म्हणून नुसते रुग्ण मोजले की वाढ कमी दिसते, नुसतं प्रमाण पाहिलं की जास्त दिसते. खरी वाढ १७ आणि ७० यांच्या मधे कुठेतरी होती. दोन अपुऱ्या मोजमापांमध्ये सत्य असं कोंडून धरणं, हेच साथीचे आकडे वाचणाऱ्याचं मुख्य काम. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये ५ टक्क्यांची जी रेघ सुचवली होती, तिचा अर्थही हाच आहे: त्याखाली प्रमाण असेल तर तुम्ही पुरेशी माणसं तपासत आहात. त्यावर गेलं तर तुमच्या रुग्णसंख्येवर तुम्हीच फार विश्वास ठेवू नका.

तपासणी कोणती, हाही प्रश्न आहेच. घशाचा स्राव घेऊन प्रयोगशाळेत केलेली आरटीपीसीआर आणि जागेवर अर्ध्या तासात निकाल देणारी रॅपिड अँटिजेन या दोन्हींची गाळणी सारखी नाही. अँटिजेन चाचणी ‘आहे’ म्हणाली तर बहुधा खरं. ‘नाही’ म्हणाली तर लक्षणं असलेल्या माणसाची पुन्हा आरटीपीसीआर करायची, असा नियम होता. तो किती पाळला गेला त्यावर जिल्ह्याचं प्रमाण वरखाली होतं. एखाद्या तालुक्यात शिबिर लावून दिवसभर अँटिजेन चाचण्या केल्या की बाधितांचं प्रमाण एकदम उतरतं, आणि ते उतरणं साथीचं नसतं. फेब्रुवारीतल्या त्या पत्रकाने आरटीपीसीआर वाढवा आणि अँटिजेनचे ‘नाही’ पुन्हा तपासा असं सांगितलं, त्यामागे हे कारण आहे.

रोजचा आकडा रोज वाचू नये, हे मी ओळखीच्यांना सांगून थकलो होतो. अमरावतीत नमुने तपासायला संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची प्रयोगशाळा उभी राहिली होती, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, म्हणजे लोकांच्या भाषेत सर्वोपचारची. रविवारी नमुने कमी येतात, म्हणून सोमवार-मंगळवारचा आकडा उतरतो. एखादं यंत्र बंद पडलं की अहवाल तुंबतात आणि दोन दिवसांनी एकदम बाहेर पडतात. ‘आज ४०० वाढले’ याचा अर्थ आज ४०० जणांना लागण झाली असा नसतो, आज ४०० अहवाल बाहेर पडले असा असतो. सात दिवसांची सरासरी घेतली की सोमवारचे खड्डे आणि बुधवारचे उंचवटे मिटतात आणि चढ-उतार दिसू लागतो.

मृत्यूंचं याहून अवघड. राज्याच्या पत्रकात दिवसाच्या मृत्यूंची तीन भागांत विभागणी असे: गेल्या ४८ तासांतले, गेल्या आठवड्यातले आणि त्याहून जुने. म्हणजे ‘आजचे मृत्यू’ या मथळ्याखाली तीन वेगळे काळ एकत्र असत. नोंदी जुळवण्याच्या कामात १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या यादीत एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू जोडले गेले होते. तो दिवस आलेखावर आजही सुळक्यासारखा उभा आहे, आणि त्या दिवशी प्रत्यक्षात तसं काहीच घडलं नव्हतं. शिवाय मृत्यू रुग्णवाढीच्या दोन-तीन आठवडे मागे चालतात. ‘रुग्ण वाढताहेत पण मरत कुणी नाही, म्हणजे आता हा साधा झाला आहे’ हे वाक्य फेब्रुवारीत बाजारपेठेत, कचेऱ्यांत, पानठेल्यांवर ऐकू येत होतं. चढाच्या पहिल्या पंधरवड्यात ते नेहमीच खरं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात ते कुणी म्हणत नाही.

मग कारणं शोधण्याची घाई झाली. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यात १२ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचं मतदान झालं होतं. प्रचार, मतदान, १८ तारखेचा निकाल, गुलाल. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला पाचेक दिवस, ‘पाहू दोन दिवस’ करत स्वॅब द्यायला आणखी दोन-चार, अहवाल यायला एक-दोन. एकूण आठ ते अकरा दिवस. मतदानापासून मोजलं तर जानेवारीचा शेवटचा आठवडा येतो, आणि चढ त्याच्या पाठोपाठ दिसतो. जुळलं की नाही?

जुळतं, पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्याच सुमारास लग्नं होत होती, २७ जानेवारीला पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले, बाजार पूर्ण उघडे होते. यातलं प्रत्येक कारण तारखांवर तितकंच चपखल बसतं. आणि मतदान राज्यभर झालं, चढला तो वऱ्हाडाचा पट्टा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ग्रामपंचायतीची निवडणूक खेड्यांत होते. अमरावतीचे फेब्रुवारीतले आकडे मात्र महापालिकेच्या ओळीत फुगले होते, खालच्या जिल्ह्याच्या ओळीत त्या मानाने कमी. निवडणुकीचा काहीच वाटा नसेल असं मी म्हणणार नाही. पण नुसत्या तारखा जुळवून गुन्हेगार पकडायचा, तर गुन्हेगारांची रांग लागेल.

हीच कसोटी लॉकडाऊनलाही लावायला हवी, आणि ती लावायला अनेकांना आवडत नाही. अमरावतीत १८ फेब्रुवारीला शनिवार-रविवारची संचारबंदी जाहीर झाली. मग २२ तारखेच्या रात्रीपासून अमरावती शहर आणि अचलपुरात आठवड्याचा लॉकडाऊन लागला आणि पुढे तो ८ मार्चपर्यंत वाढला. अकोला शहर, अकोट, मूर्तिजापूर इथेही कडक निर्बंध आले. मार्चमध्ये अमरावतीचे आकडे उतरले. लॉकडाऊनमुळे? वर सांगितलेला आठ-अकरा दिवसांचा उशीर इथेही मोजावा लागेल. २५ फेब्रुवारीच्या यादीतल्या माणसाला लागण १५ तारखेच्या आसपास झालेली, म्हणजे निर्बंधांच्या आधी. चढ मंदावायला फेब्रुवारीच्या अखेरीसच सुरुवात झाली असेल तर त्याचं सगळं श्रेय निर्बंधांना देता येणार नाही. बातम्या वाचून लोकांनी आपणहून गर्दी टाळली, घराघरांत एकाला झाला की सगळ्यांना होऊन गेला, हेही धरावं लागेल. मार्चची पुढची घसरण मात्र निर्बंधांच्या तारखांशी बरी जुळते. माझं मत विचाराल तर त्यांचा उपयोग झाला, फक्त जितका सांगितला गेला तितका नाही.

पण मुळात वऱ्हाडच का? रुग्णांचे आकडे इथे हात टेकतात. वेग बदलला एवढं ते सांगतात, का बदलला हे नाही. दोन शक्यता होत्या. एक, इथे अजून लागण न झालेली माणसं भरपूर उरली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तिसऱ्या पाहणीत, डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मध्ये, देशात साधारण पाचातल्या एकाच्याच रक्तात प्रतिपिंडं सापडली होती. दाट वस्तीच्या मुंबई-पुण्याहून अमरावती-अकोल्यात हे प्रमाण कमी असणं स्वाभाविक. दुसरी शक्यता, विषाणूच बदलला.

ही दुसरी शंका फेब्रुवारीतच बोलली जात होती. त्यावर राज्याच्या आरोग्य खात्याने खुलासा केला की अमरावती-यवतमाळच्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलचा प्रकार आढळलेला नाही. खुलासा खरा होता. पण नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि शोध परदेशातून आलेल्या पाहुण्याचा चालला होता. प्रत्यक्षात मुक्काम ठोकून होता तो इथलाच. २४ मार्चला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल सापडत आहेत आणि डिसेंबरपेक्षा त्यांचं प्रमाण वाढलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने नोव्हेंबर ते मार्च या काळातले राज्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांतले सुमारे सहाशे नमुने वाचले, आणि बी.१.६१७ या कुळाचा वाढता वावर त्यांत उमटला. १० मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हे कूळ चिंताजनक ठरवलं. ३१ मे रोजी त्याच्या दोन शाखांना ग्रीक अक्षरं मिळाली, कप्पा आणि डेल्टा. पुढे जगभर पसरला तो डेल्टा.

या तारखा फेब्रुवारीच्या त्या ४७ आणि ५५ टक्क्यांशेजारी ठेवून पाहा. रुग्णांच्या साध्या मोजणीने जी गोष्ट दुसऱ्या आठवड्यात सुचवली, तिचं कारण जनुकवाचनाने मार्चच्या अखेरीस सांगितलं आणि तिला नाव मेमध्ये मिळालं. अचूक पुरावा येईपर्यंत थांबायचं, तर दुपटीला तेरा दिवस घेणारी साथ तोवर कितव्या पटीत असते, हे कुणीही मोजू शकेल. सांडपाण्याचे नमुने तपासून चढ आधी ओळखण्याचे प्रयोग पुढे पुण्यासारख्या शहरांत झाले. वऱ्हाडाला फेब्रुवारीत त्यांची सोय नव्हती.

आणि ते केंद्राचं पत्रक तरी ताजं कुठे होतं? आठवड्याला २१,३०० म्हणजे दिवसाची सरासरी ३,०४३. पत्रक निघालं त्या दिवशी, २१ फेब्रुवारीला, राज्यात ६,९७१ रुग्ण सापडले होते. इशाऱ्यातला आकडा छापून येईपर्यंत वास्तव त्याच्या दुपटीपलीकडे गेलं होतं. तीन दिवसांनी ते ८,८०७ झालं. त्यानंतरही ७ मार्चला केंद्रीय आरोग्यमंत्री देश साथीच्या शेवटच्या टप्प्यात असल्याचं म्हणाले. १८ एप्रिलला महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले.

दुसरा चढ पहिल्याहून भारी असू शकतो हे वऱ्हाडाला नव्याने कळायला नको होतं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची जूनमधली लाट सौम्य होती, सप्टेंबर ते नोव्हेंबरमधलीने कहर केला, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशात सगळ्यात जास्त माणसं गमावलेल्या प्रांतांपैकी एक होता. तेव्हा चाचणी नव्हती. बहुतेक मृत्यू सरकारी नोंदवहीत ‘ताप’ या रकान्यात गेले. नंतरच्या अभ्यासकांनी आधीच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा किती जास्त माणसं मेली हे मोजून साथीचा आकार काढला. कोरोनाच्या मृत्यूंबाबतही शेवटी हीच जुनी पद्धत जास्त भरवशाची ठरली.

एप्रिलमध्ये राज्य होरपळत असताना अमरावतीत मात्र थोडी निश्चिंती होती: आमची लाट फेब्रुवारीत येऊन गेली. शहरापुरतं यात तथ्य होतं. मे महिन्यात जिल्ह्याचा आकडा पुन्हा दिवसाला हजारावर गेला आणि ९ मेपासून कडक संचारबंदी लावावी लागली. यावेळी पत्रकातल्या दोन ओळींची अदलाबदल झाली होती. महापालिकेची ओळ खाली, जिल्ह्याची वर; वरूड, मोर्शी, अचलपूर, अंजनगाव सुर्जी अशा तालुक्यांतून रुग्ण येत होते. ‘अमरावती’ अशी एकच बेरीज धरली तर एकाच जिल्ह्याला दोनदा लाट आलेली दिसते. ओळी सुट्या केल्या की दिसतं, फेब्रुवारीत शहरात आलेली साथ मेमध्ये खेड्यांत पोचली होती, आणि तिथे स्वॅब द्यायला तालुक्याच्या गावी जावं लागत होतं.